कपाटातले स्वेटर

३ ऑक्टोबर

सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडून, आणि गुडघ्यांचं मी आता मनावर घेत नाही. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी काहीही म्हटलं तरी तू "हो आई" म्हणतेस आणि मागे तुमचा मिक्सर सुरू असतो. कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही.

चिरंजीवांनी पुन्हा विचारलंय, कायमची कधी येतेस म्हणून. तुझे सासरे जाऊन दीड वर्ष झालं, हे भाड्याचं घर वर्षाअखेर सोडायचं आहे, तेव्हा त्याचं विचारणं बरोबरच आहे. इकडे माझी धाकटी बहीणही हात धुऊन मागे लागली आहे. तिच्या घरातली खालची खोली रिकामी आहे. तीही एकटी, मीही एकटी, दोघी मिळून भांडू म्हणते. तुमच्याकडे की तिच्याकडे, ते मी नोव्हेंबरच्या अखेरीस सांगेन. तोवर घाई करू नका.

लिहायचं कारण वेगळंच आहे. भिंगरीसाठी विणलेले स्वेटर मला परत पाठव. पोर दोन वर्षांची होती तेव्हापासून दर हिवाळ्याला एक, असे सहा झाले. आता ती आठची आहे, त्यातला एकही तिला होणार नाही. मी ते उसवून लोकर मोकळी करणार आहे.

काल लोकरीच्या दुकानात गेले होते. दुकान कसलं, त्याचा दिवाणखाना झालाय. आरामखुर्च्या, फुलदाणी, आणि लोकरीच्या लडी काचेच्या कपाटात, दागिन्यांसारख्या. एका स्वेटरला जेवढी लोकर लागते तेवढ्या पैशांत बाजारात तीन तयार स्वेटर येतात. दुकानदारीण म्हणाली, हल्ली विणकाम हौशी लोकच करतात, आमच्याकडे शिकवणीही आहे. मी रिकाम्या हाताने परत आले. पोस्टातून निवृत्त झालेल्या शेजारच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुमचं विणकाम म्हणजे आता चैनच झाली की.

मला ते लागलं. यांच्या स्वेटरची कोपरं विरली की तो उसवून मी तुझ्या नवऱ्याचा करायचे, आणि उरलेल्या लोकरीचे मोजे. तेव्हा तयार स्वेटर ही श्रीमंती होती आणि हातचा ही काटकसर. कधी उलटलं हे सगळं, मला कळलंच नाही.

तेवढे सहा पाठव. भिंगरीचा गालगुच्चा घे.

आई


१० ऑक्टोबर

आई,

तुमचं पत्र आलं आणि आधी भिंगरीनेच फोडलं. "आजी, गुडघे मनावर घ्या," असं तिने मोठ्या माणसासारखं सांगितलं आहे.

स्वेटर कशाला उसवताय? मी तुम्हाला नवी लोकर पाठवते. माझ्या कामावरून येताना वाटेत एक मोठं दुकान लागतं. रंग सांगा, किती लडी ते सांगा, शनिवारी घेऊन पाठवून देते. एवढे कष्टाने विणलेले स्वेटर उसवायचे म्हणजे जिवावर येतं हो. आणि भिंगरीने ते इतके वापरलेत, की आता त्या लोकरीत काही राम नसेल. निळा तर तिने अंगातून काढला नव्हता.

आमच्याकडे सगळं ठीक. तुमच्या चिरंजीवांनी तुमच्या खोलीला रंग दिला. पलंगाजवळ दिवा लावलाय, खिडकीला जाड पडदे केलेत. तुम्हाला कशालाही हात लावायला लागणार नाही. नुसतं आरामात राहायचं. बहिणीकडे जायचा विचारही करू नका.

धुलाई विभागात नवी दोन यंत्रं आली आहेत. रुग्णालयाच्या चादरी आता दुपारपर्यंत संपतात. पण काम काही संपत नाही.

तुमची सून


१७ ऑक्टोबर

सूनबाई,

नवी लोकर नको. मी हौशी बाई नव्हे. घरात सहा स्वेटरची लोकर पडून असताना काचेच्या कपाटातली लोकर विकत घ्यायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

वापरून विटलेल्या लोकरीत राम नसतो हे तुला कुणी सांगितलं? तू धुण्यातली जाणकार, मी विणण्यातली. उसवलेली लोकर गरम वाफेवर धरायची, लडी करून खाली वजन बांधायचं, दोन दिवसांत सरळ होते. विरलेला भाग कापून टाकायचा आणि गाठ आतल्या बाजूला घ्यायची. मी आयुष्यभर हेच केलं.

आणि कष्टाचं म्हणशील तर विणलेलं उसवायला मला कधी जड गेलेलं नाही. विणणारी बाई जेवढं विणते त्याच्या निम्मं उसवतेच.

काल त्या दुकानावरून पुन्हा गेले. काचेत एक हाताने विणलेला स्वेटर टांगला होता. वीण सैल, आणि डाव्या बाहीवर एक टाका निसटलेला. त्याच्या चिठ्ठीवर आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. असा स्वेटर घालून माणूस घराबाहेर तरी पडेल का, असा मला प्रश्न पडला. डाग पडला तर रडेल की.

खोलीला रंग दिला, चांगलं केलं. सहाच्या सहा पाठव.

आई


२६ ऑक्टोबर

आई,

पार्सल आज पोस्टात टाकलं. त्यात पाच आहेत. पहिला, तो पिवळा, कुठे गेलाय सापडत नाही. घर बदललं तेव्हा कुठल्या तरी खोक्यात राहिला असेल, शोधते आहे. सापडला की लगेच पाठवते.

घाईत लिहिते आहे, विभागात दोन माणसं रजेवर आहेत. राग मानू नका.

तुमची सून


४ नोव्हेंबर

सूनबाई,

पार्सल मिळालं. बांधलंस छान, तुझ्या हातचं बांधणं नेहमीच नीट असतं.

मी खिडकीशी बसून एकेक स्वेटर हातात घेतला. घातलेला स्वेटर लगेच ओळखू येतो. कोपरापाशी लोकरीचे गोळे येतात, मनगटाची पट्टी सैल होते, गळ्याशी घामाचा कडकपणा येतो. ह्या पाचांत त्यातलं काही नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र आहे. आणि आणखी एक. मी स्वेटर पोस्टाने पाठवते तेव्हा खिसे ताणले जाऊ नयेत म्हणून त्यांची तोंडं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्च्या टाक्यांनी शिवते. घालायच्या आधी तो दोरा ओढून टाकायचा असतो. हे मी तुला पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. निळा, हिरवा आणि तपकिरी, तिन्हींच्या खिशांवर माझा लाल दोरा जसाच्या तसा आहे. निळा तिने अंगातून काढला नव्हता म्हणालीस. खिशात हात न घालता वर्षभर वावरणारं मूल मी अजून पाहिलं नाही.

मी खोटं बोलणार नाही, मला हे आधीच माहीत होतं. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे पंधरा दिवस राहिले तेव्हा उशीचा अभ्रा शोधताना तुमच्या कपाटाचा वरचा कप्पा उघडला. तिथे हे पाच, कागदात गुंडाळून, ओळीने. म्हणूनच तर परत मागितले. मागितल्यावर तरी तू खरं सांगशील असं वाटलं होतं.

नसतील आवडले तर नसतील आवडले. शाळेतली मुलं हसत असतील, लोकर टोचत असेल. एका ओळीत सांगितलं असतंस तर मी सहा हिवाळे दुसरं काही केलं असतं.

पण त्या पंधरा दिवसांचं मला आता वेगळंच आठवतंय. मी ताट उचलायला गेले की तू म्हणायचीस, आई तुम्ही बसा. मी भाजी निवडायला घेतली की ती माझ्या हातून काढून घेतली जायची. भिंगरीला शाळेत सोडते म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, कशाला दगदग. दुपारी मी खोलीच्या भिंतींकडे बघत बसायचे. तुमच्याकडे आले तर तुम्ही मला फार चांगलं ठेवाल, यात शंका नाही. कागदात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवाल. बहिणीची खालची खोली ओलसर आहे, पण तिथे सकाळचं दूध मलाच आणावं लागेल.

मी तिला होकार कळवायचा विचार करते आहे. महिनाअखेरीची मुदत आहे, तोवर कुणालाच काही कळवत नाही. आजपासून उसवायला घेते.

आई


९ नोव्हेंबर

आई,

हे पत्र पोचेपर्यंत उसवू नका. पोचलं असेल तर हातातला स्वेटर खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

तुमचं सगळं खरं आहे. मी खोटं बोलले, दोनदा. पण ते आवडले नव्हते, हे मात्र खरं नाही.

पिवळा हरवलेला नाही. तो सहा वर्षं माझ्या कामावरच्या लॉकरमध्ये आहे. भिंगरी दोन वर्षांची असताना तो आला आणि तिने तीन आठवडे अंगातून काढला नाही. तो घालूनच झोपायची. मग तिला ताप आला, उलट्या झाल्या, सगळा स्वेटर भरला. म्हटलं घरी नीट निघणार नाही, कामावर चांगला साबण आहे, तिथे धुवू. मी धुलाईची प्रमुख, बावीस माणसं माझ्या हाताखाली. कुठली लोकर कशी धुवायची हे मी नव्या माणसांना फळ्यावर लिहून शिकवते. पण उलटी आणि ताप म्हटलं की माझा हात आपोआप सगळ्यात गरम पाण्याच्या बटणावर जातो. चादरींबरोबर उकळत्या पाण्यात टाकला मी तो. बाहेर आला तेव्हा बाहुलीला होईल एवढा, आणि पुठ्ठ्यासारखा कडक. हाताखालच्या मुली बघत होत्या. मी तो ॲप्रनच्या खिशात कोंबला.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, त्याचा खांदा तीनदा उसवून चौथ्यांदा जमला, आणि आतापर्यंत विणलेल्यांत हाच सगळ्यात चांगला झालाय. मला सांगायचं होतं. पण मी तिच्या तापाचंच बोलत राहिले. तुम्ही तर शेजारणींना सांगत होतात, माझी सून धुण्यातली मोठी अधिकारी आहे म्हणून.

पुढच्या हिवाळ्याला निळा आला. तिला घालून फोटो काढला, तुम्हाला पाठवला, आणि लगेच उतरवून कागदात ठेवला. पुढचे सगळे तसेच. ते फोटो पुन्हा बघा, एकाही फोटोत तिचे हात खिशात नाहीत. तिला मी बाजारातली जॅकेटं घालते. फाटलं तर दुसरं येतं, रंग गेला तर फेकून देता येतं. तुमचा फाटला तर दुकानात मिळणार नाही. तुमचा फाटला तर तुम्हीच लागता. आणि दीड वर्षापूर्वी बाबा गेले तेव्हापासून तर मला कपाटाचा तो कप्पा उघडायचीही भीती वाटते.

ऑगस्टमध्ये तुम्हाला बसा बसा म्हणत होते ते ह्याच भीतीने. पहिल्या दिवशी तुम्ही गरम पातेलं उचललंत आणि तुमचा हात थरथरला. मी तेव्हाच ठरवलं, ह्यांना काही करू द्यायचं नाही. तुम्हाला ते कसं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली आई.

काल रात्री जेवताना भिंगरीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते स्वेटर माझे होते की दाखवायचे होते?"

पिवळा ह्या पत्राबरोबर पाठवते आहे. काय बोलायचं ते बोला. पण बहिणीला अजून होकार देऊ नका.

तुमची सून


१८ नोव्हेंबर

सूनबाई,

उशीर झाला. चार उसवून झाले होते. पाचवा, तपकिरी, बगलेपर्यंत आला होता. आता तो बिनबाह्यांचा, गळ्याशिवायचा, टेबलावर पडलाय.

पिवळा उघडला. पुठ्ठा म्हणालीस ते अगदी खरं आहे, टेबलावर उभा राहतो. मला आधी हसू आलं, मग इतकं आलं की शेजारच्या बाई धावत आल्या. आता मी तुला एक सांगते, ते तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. लग्नानंतर यांच्यासाठी विणलेला पहिला स्वेटर मी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात घातला होता. दहा वर्षांच्या मुलाला झाला असता. सासूबाईंना सांगितलं, वाळत घातला होता, चोरीला गेला. त्यांनी गल्लीतल्या तीन घरांवर संशय घेतला. एका घराशी तर बोलणं कायमचं बंद केलं. तेव्हा माझ्यापेक्षा तू बरी, तू निदान दुसऱ्यावर ढकललं नाहीस.

आता रागाचं. स्वेटर आटल्याचा मला राग नाही. पुढचे पाच वाचवून ठेवलेस त्याचा आहे, आणि तो दोन दिवस गेला नाही. पोरीने पहिला स्वेटर तीन आठवडे अंगातून काढला नाही, त्यात झोपली, त्यात ओकली, ही माझ्या सगळ्या विणकामाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती होती. आणि ती तू लॉकरमध्ये ठेवलीस. हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी महिन्याभरात दुसरा पाठवला असता आणि दर वर्षी मोठ्या उत्साहाने विणला असता. मी आपली दर हिवाळ्याला फोटो बघून समजूत घालत बसले.

शेजारच्या बाईंना मी काल उत्तर दिलं. म्हटलं, लोकर महाग झाली म्हणून विणकाम चैन होत नाही. वस्तू वापरायची आपली छाती होईना, की ती चैन. मग ती माझ्या हातची असो की दुकानातली. त्या म्हणाल्या, हे पोस्टाच्या तिकिटांनाही लागू आहे, त्यांच्याकडे चार वह्या भरून आहेत. असो.

आता माझं. हात थरथरतो, खरं आहे. चहा सांडेल, एखादी बशी फुटेल, भाजीत कधी मीठ दोनदा पडेल. मी म्हातारी झाले आहे आणि अजून होणार आहे. तुम्ही मला जपून ठेवलंत तरी होणारच आहे. भिंगरीने विचारलं ना, ते माझे होते की दाखवायचे. तोच प्रश्न मी माझ्याबद्दल विचारते. घरातलं माणूस म्हणून न्यायची आहे की फोटोपुरती?

लोकर मोकळी आहे, भिंगरीच्या मापाचा एक मोठा स्वेटर सहज होईल, पट्ट्यापट्ट्यांचा. पण तो मी बहिणीकडे बसून विणायचा की तुमच्याकडे, ते तुझ्या उत्तरावर आहे. गोड गोड लिहू नकोस. मला वापरात ठेवणार असाल तर येते. नसाल तर तसं कळव, मी राग धरणार नाही. बहिणीला मी अजून काही बोललेले नाही.

आई


२४ नोव्हेंबर

आई,

गोड लिहायला वेळही नाही, म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

पुढच्या सोमवारपासून मला सकाळची पाळी आहे, सहाला घर सोडायचं. तुमच्या चिरंजीवांना आठवडाभर बाहेरगावी काम निघालं आहे. मी शेजारणीला विचारणार होते, पण विचारलं नाही.

भिंगरीला पावणेआठला शाळेत सोडायचं. मोठा रस्ता ओलांडताना ती हात सोडून पळते, सोडू देऊ नका. डबा तुम्हालाच भरायचा आहे, ती चपाती परत आणते, त्यावर काही उपाय बघा. न्हाणीघरातला नळ गळतो आहे, नळवाला मंगळवारी येतो म्हणालाय. तो मला दोनदा फसवून गेला आहे, ह्या वेळी त्याच्या डोक्यावर उभं राहून काम करून घ्या. बुधवारी शाळेत पालकांची सभा आहे, तिथे बाईंना सांगायचं की पोरीची गणितं कच्ची आहेत हे आम्हाला कळलं आहे, रोज चिठ्ठी पाठवू नका. संध्याकाळी मी येईपर्यंत आमटी भात झालेला असला तर बरं, नसला तर मी आल्यावर दोघी करू. गरम पातेलं उचलताना फडकं घ्या, एवढंच सांगते, बाकी काही सांगत नाही.

खोलीतले जाड पडदे काढले. दुपारी तिथे उजेड येतो आता, पण दुपारी तुम्ही खोलीत असाल असं दिसत नाही.

रविवारच्या संध्याकाळपर्यंत पोचा, आई. विश्रांती मिळणार नाही. तुम्ही नाही आलात तर सोमवारी सकाळी आमचं अडेल.

तुमची सून